पाच नळ्या, दहा क्लॅम्प आणि जावयाचं नाक

…आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुम्हाला त्यातलं कळतं का?" मला! अहो, एक्केचाळीस वर्षं ज्यानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, ज्याच्या हातानं बसवलेल्या तोट्या अजून टिपूस गाळत नाहीत, त्याला कालचा पोरगा शिकवतो, नळी कशी जोडायची! बरं, कालचा नाही, लग्नाला तीन वर्षं झाली त्याच्या, पण जावई माणसाला कायम कालचाच वाटतो की नाही? नळी जोडायला मला शिकवणार! उद्या माशाला पाण्याबाहेर काढून सांगाल, हे बघ बाळा, शेपटी अशी हलवायची!

"बाबा," म्हणतो कसा, "पेट्रोल म्हणजे पाणी नाही."

नाही? बरं बाबा, नाही. पण वाहतं ना? नळीतून जातं ना? फट मिळाली की बाहेर येतं ना? मग माझंच गिऱ्हाईक झालं की ते! जे वाहतं ते सगळं माझं, असा आपला हिशेब. हसू नका. ओ, पहिल्या रांगेतले टक्कलवाले, तुम्ही तर अजिबात हसू नका, तुमच्या मोरीतला नळ गळतो हे तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय.

तर तुम्हाला सांगतो, भानगड सुरू झाली गाडीपासून. गाडी माझ्याकडे तेहतीस वर्षं. घेतली तेव्हाच दुसऱ्या हातातली होती, म्हणजे तिचं खरं वय तिलाच ठाऊक, आणि बाईमाणसाला वय विचारू नये. पण याच गाडीतून मी माझी पोरगी दवाखान्यातून घरी आणली होती, तीन दिवसांची, एवढीशी, पानासकट मुळा असतो ना तेवढी. ताशी दहाच्या वेगानं आणली. मागे सायकलवाले घंटा वाजवत होते, मी म्हटलं वाजवा. आता त्याच पोरीला दिवस गेलेले, तारीख तीन आठवड्यांवर, आणि मी चारचौघांत छाती ठोकून सांगितलेलं, नातवंड येणार ते याच गाडीतून येणार. ठरवलं म्हणजे ठरवलं.

आणि एका सकाळी जावई आला. फाटकातच थांबला. असं नाक वर केलं, ससा करतो तसं. "बाबा, वास येतोय."

आता तुम्हाला आमच्या जावईबापूंचा धंदा सांगितला पाहिजे. अग्निशामक दलात आहेत. आग विझवतात. आणि स्वभावही तसाच, समोरच्याची जी काय मजा पेटलेली असेल ती विझवायची. पहिल्यांदा आमच्याकडे आला ना, पोरगी दाखवायला घेऊन आली होती याला, तेव्हा मी काय केलं, बेसिनच्या तोटीच्या आत एक चकती अशी तिरकी बसवून ठेवली की नळ सोडला की धार खाली नाही, वर! सरळ नाकात! मी दाराआड उभा, तोंडात सदऱ्याची बाही कोंबून. गडी आत गेला, नळ सोडला, फुर्रर्र… आणि आवाजच नाही हो! ओरडणं नाही, काही नाही. रुमाल काढला, तोंड पुसलं, खाली वाकला, मेन कॉक बंद केला, आणि बाहेर येऊन मला म्हणतो, "पुरवठा बंद केलाय. कुणाला इजा?" तेव्हाच मी हिला म्हटलं, हा माणूस आपल्या घरात टिकायचा नाही. टिकला. मीच आता फाटकापर्यंत आलोय.

तर तो म्हणतो, "वास येतोय." मी म्हटलं, "जावईबापू, पेट्रोलवर चालते, अत्तरावर नाही. वास येणारच." तेवढ्यात मागून आमची मंडळी, म्हणजे आमची ही, हातात झाडू तसाच, "मी वर्षभर सांगतेय हो यांना! मागच्या सीटवर बसलं की डोकं भणभणतं. म्हणतात, तुझं डोकं आधीपासूनच तसं आहे!" असं म्हणालो होतो मी. खोटं कशाला बोला.

जावई सरळ जमिनीवर झोपला, गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आला, हात झटकले. "बाबा, नळीला भेगा आहेत. बाळ या गाडीत बसणार नाही."

झालं! इतकंच! ना आवाज चढवला, ना काही. दवाखान्यातून बाळ कशातून आणणार, तर म्हणे टॅक्सीतून. टॅक्सीतून! माझं नातवंड! परक्या माणसाच्या मीटरवर! मी म्हटलं, थांबा. नळीला भेगा आहेत ना? नळी बदलतो. नळी बदलणं हा काय माझा… जाऊ द्या. ठरवलं म्हणजे ठरवलं.

शिरलो गाडीखाली. खरंच हो, नळी कसली, म्हातारीची टाच होती ती! बोटानं दाबली तर काळी भुकटी. आता माझ्याकडे माडीवर काय आहे? एक्केचाळीस वर्षांचं उरलंसुरलं. पारदर्शक पाण्याची नळी, झकास, आरपार दिसते, कापली हातभर. क्लॅम्प? डबाभर! ते पट्टीला खाचा पाडलेले असतात, वर स्क्रू, पिळला की खाच खाच पुढे सरकतं, तसले. नळी तोंडावर जरा सैल झाली, तर काय बिघडलं? आमच्या धंद्यात सैलपणाला औषध एकच, आवळा! स्क्रू रडेपर्यंत आवळा, आणि रडला की अजून एक पिळा द्या म्हणजे गप्प होतो. वरून चार वेढे टेप. हात पुसले, इंजिन चालू केलं. थेंब नाही! हिला हाक मारली, "बघ! आरपार दिसतं, पेट्रोल पळताना दिसतं, कुणाच्या गाडीत आहे असं?" ही म्हणाली, "वास येतोच आहे." मी म्हटलं, तुझ्या नाकात बसलाय तो.

आठ दिवस फिरवली गाडी. आठव्या दिवशी जावई आला, सरळ गाडीखाली. मी वर उभा, कमरेवर हात ठेवून, शाबासकीची वाट बघत. खालून आवाज आला, कट्टकन! बाहेर आला तो हातात माझी नळी, दोन तुकडे. पिवळी पडलेली, वाळक्या काटकीसारखी. आठ दिवसांत! माझ्या नळ्या चाळीस वर्षं टिकतात हो, पाण्याला. आणि टोकाला बघतो तर क्लॅम्पनं आपल्या खाचा नळीत रोवलेल्या, जणू कुणी चावलंय, आणि त्या चाव्यातून ओल. "बाबा," म्हणाला, "पेट्रोल म्हणजे पाणी नाही."

आणि मग, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा तो माणूस माझ्याशी चार वाक्यांच्या वर बोलला. पायरीवर बसला, तुकडे हातात फिरवत. म्हणाला, "पाणी गळलं तर फरशी ओली होते. गेल्या महिन्यात एक जुनी गाडी आली आमच्याकडे. नळी असलीच कुणीतरी टाकलेली, सायलेन्सरचा पाईप एक वीत अंतरावर. सिग्नलला पेटली. आम्ही सहा मिनिटांत पोचलो. माणसं उतरली होती, नशीब. पण मागच्या सीटला बाळाची खुर्ची बांधलेली होती, तिचा पट्टा उघडायला आईला किती वेळ लागला, ते ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. आग विझली तरी सांगत होती."

मी काही विनोद करणार होतो. तयार होता जिभेवर. गिळला.

मग म्हटलं, ठीक आहे. आता शिकायचं. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, म्हणजे चौथी पास आणि पाचवीच्या वर्गातला नळ दुरुस्त करायला गेलो होतो तेवढीच पाचवी, पण आता शिकणार. बारा दिवस हातात. नातवंड याच गाडीतून येणार, आणि जावयाचं नाक गाडीला पास करणार. ठरवलं म्हणजे ठरवलं!

गेलो दुकानात. गाड्यांच्या रबरी सामानाचं दुकान, बोळात, एवढंसं, आत वरपासून खालपर्यंत नळ्यांची वेटोळी टांगलेली, जणू वारुळातच शिरलो. आणि गल्ल्यावर एक बाई. जाड भिंगांचा चष्मा, हातात मोजपट्टी, चेहरा असा की माझ्या पाचवीच्या बाई असत्या तर अशाच असत्या. मी आपला खुशीत, "द्या बाई, पेट्रोलची नळी, पाच हात."

"कोणती?"

"चांगली."

"गाडीला कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन?"

मी म्हटलं, "बाई, इंजेक्शन मला आहे, साखरेचं. गाडीची तब्येत चांगली आहे." हसली नाही हो! पापणी नाही हलली. म्हणाली, "इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब जास्त, तिला जाड विणीची वेगळी नळी. कार्ब्युरेटरला दाब कमी, तिला ही चालते. इंजेक्शनवाल्या गाडीला ही साधी लावली तर पिचकारी उडेल. आता सांगा." मी म्हटलं, कार्ब्युरेटर. "माप?" मी म्हटलं, "अर्धा इंची." आमच्यात सगळं अर्धा इंचीच असतं. "अर्धा इंच बाहेरून की आतून?" आता नळीला आत-बाहेर असतं हे मला ठाऊक आहे हो, पण मी मोजलं बाहेरून, कारण बाहेरून मोजायला सोपं. "आतून मोजून आणा," म्हणाली. "पुढचे!"

पुढचे! माझ्या मागे कुणी नव्हतं!

गेलो घरी. जुनी नळी आतून मोजली, पुन्हा गेलो. बाई म्हणाली, "हे जुन्या नळीचं माप का? ती पेट्रोल पिऊन सुजलेली असते. हल्लीच्या पेट्रोलात मिसळ असते, जुन्या रबराला ती सोसत नाही, फुगतं आणि मग फाटतं. सुजलेल्या पायाचं माप घेऊन चप्पल घ्याल का? नळी ज्या लोखंडी तोंडावर बसते ते मोजा." आता तुम्हीच सांगा, चप्पल! माझ्या तोंडचं वाक्य हे! मी लोकांना ऐकवायचं ते! घरी जाऊन पुन्हा गाडीखाली शिरलो, तोंड मोजलं.

तिसऱ्यांदा गेलो, तोंडाचं माप घेऊन. आठ मिलीमीटर. बाई म्हणाली, "पाचही नळ्यांचं?" मी म्हटलं, "पाच? एकच तर आहे." तेव्हा बाईंनी पहिल्यांदा चष्मा काढला. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, म्हणजे तिला मी धूसर दिसावा म्हणून असेल. बोटांवर मोजलं, "टाकीपासून लोखंडी पाईपाला एक. पाईपापासून पंपाला दोन. पंपापासून कार्ब्युरेटरला तीन. उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी चार, ती बहुतेक बारीक असते. आणि टाकीच्या डोक्यावर हवेची पाचवी. एक बदलून चार म्हाताऱ्या ठेवल्या तर नवीन दाब कुठे जाईल? म्हातारीकडे. काका, पेट्रोल म्हणजे पाणी नाही."

हिलाही तेच वाक्य! मला वाटलं जावयानं फोन करून ठेवलाय. विचारलं मी तसं! बाई म्हणाली, "कोण जावई?"

चौथ्या फेरीला मी कागद नेला. आठ, आठ, आठ, सहा, आणि हवेची अंदाजानं सहा. बाईंनी वेटोळं काढलं आणि नळीचं अंग माझ्यापुढे धरलं. "वाचा." मी म्हटलं, बाई, वाचायचं काम माझी मुलगी करते. "वाचा म्हणजे बघा. माप लिहिलंय, पेट्रोलसाठी आहे ते लिहिलंय, कुठल्या साली बनली ते लिहिलंय. ज्या नळीच्या अंगावर काहीच लिहिलेलं नाही ती फुकट दिली तरी घ्यायची नाही. स्वतःचं काम ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात पेट्रोल द्यायचं नाही." तुम्हाला सांगतो, मी कितीतरी बायकांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यांची स्वयंपाकघरं फोडून ठेवल्याबद्दल, पण असं वाक्य नाही ऐकलं. मी नळी कानाला लावली. बाई म्हणाली, "काय करताय?" मी म्हटलं, "सांगतेय ती स्वतःचं काम." आणि बाई हसली! हसली हो! एवढंसं, डाव्या कोपऱ्यात, पण हसली. चार फेऱ्या वसूल.

मग क्लॅम्प. मी खिशातून माझे काढले, खाचांचे, अभिमानानं. तिनं एक उचलला, बोट आतून फिरवलं, माझंही बोट धरून फिरवलं. "धार लागते ना? ही धार नळीला कापते. पाण्याच्या जाड नळीला चालतं. हा बघा." दुसरा दिला, पट्टी गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या, एका बोल्टनं सगळीकडून सारखा आवळणारा. "हा धरतो. तुमचा चावतो." दहा दिले मोजून. "आणि एवढं ऐका, रडेपर्यंत आवळू नका." आता हे तिला कुणी सांगितलं? माझ्या हाताचा गुण काय कपाळावर लिहिलाय?

तर कामाला बसलो. जावयाचा हुकूम आधीच आलेला: उजेडात करायचं, इंजिन थंड, बॅटरीची तार काढायची, टाकीत पेट्रोल तळाला, आसपास काडीपेटी नाही, आणि लाल नळकांडं आणून ठेवलं माझ्या उशाशी, आग विझवायचं. मी गाडीखाली उताणा, शेजारी ते लाल, वरून ही वाकून बघतेय, कुणी आलं असतं तर विचारलं असतं, कधी गेले?

आणि तिथं, मित्रहो, माझी खरी परीक्षा झाली. नळी सरळ कापायची, धारदार पात्यानं, एका दमात, करवतीनं नाही, जमलं. लोखंडी तोंडाला एक फुगवटा असतो, नळी त्याच्या पुढे सारायची, चांगली बोटाच्या दोन पेरांइतकी, जमलं. क्लॅम्प फुगवट्याच्या मागे, पण नळीच्या अगदी काठावर नाही, जमलं. आणि मग आवळायला घेतलं… आणि हात थांबेना! अहो, एक्केचाळीस वर्षांचा हात! डोकं म्हणतंय बास, हात म्हणतोय अजून एक, एकच, रडला कुठे अजून! बोल्ट फिरतोय, नळी दबतेय, आणि वरून, "बास!" हिचा आवाज. मी म्हटलं, "अगं, अजून…" "बास म्हटलं ना! नळी धरलीय ती, मान नाही!" मी पाना सोडला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, या बाईचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी आठ वेळा ऐकलं. आठ क्लॅम्प, आठ बास. सातव्याला तर मी पाना लावायच्या आधीच म्हणाली.

पण वास? वास गेलाच नाही हो! चार नळ्या नवीन, सुक्या ठणठणीत, कागदानं पुसून बघितलं, कागद कोरा, आणि ही म्हणते, वास येतोय. मी म्हटलं, आता तू जावयाला सामील झालीस. तर ही मागच्या सीटवर जाऊन बसली, डोळे मिटले, दोन मिनिटं नुसती श्वास घेत बसली, मग पुढे वाकली, मग मागे, आणि पाठीवर बोट रोखलं. "इथून." मागची डिकी उघडली, सतरंजी उचलली, लाकडी फळी काढली, तर टाकीच्या डोक्यावर ती पाचवी! हवेची! मी तिला सोडून दिली होती, म्हटलं हवेला काय भेग पडायची. बोट लावलं तर हातात आली, उभी चिरलेली. वर्षभर तिच्यातून वास थेट मागच्या सीटवर. म्हणजे नातवंड जिथं बसायचं, तिथं. आणि वर्षभर ही सांगत होती, आणि मी काय म्हणत होतो? तुझं डोकं आधीपासून तसं आहे.

मी म्हटलं, "चुकलं." ही म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." म्हटलं, "चुकलं!" म्हणाली, "पुन्हा म्हणा, शेजारी फोनवर होते, त्यांनाही ऐकू नाही आलं." अशी बायको. माझ्याकडूनच शिकली.

उरलेले दोन क्लॅम्प, अजून दोन बास, आणि पाचवी बसली. वास गेला. गेला म्हणजे गेला! सहा दिवस मी गाडी फिरवली, रोज सकाळी खाली शिरून दहाही क्लॅम्प कागदानं पुसले, कागद कोरा. आणि सातव्या दिवशी पोरगी बाळंत झाली. मुलगी! जावयाचा फोन, त्याचा आवाज पहिल्यांदाच हललेला, "बाबा, तीन किलो." बस, एवढंच. वजन सांगितलं. हा माणूस आनंदही किलोत सांगतो. मी म्हटलं, "घरी कशातून आणायची?" म्हणाला, "परवा सोडतील. गाडी घेऊन या. मी बघतो."

आता ऐका. परवा उजाडला. मी पांढरा सदरा घातला, नवा, नातीसाठी शिवलेला, म्हणजे माझ्या मापाचा पण तिच्यासाठी. केस चापून बसवले. निघणार, तेवढ्यात मनात आलं, पंपाजवळचा तो क्लॅम्प, त्याचं बोल्टचं तोंड आतल्या बाजूला गेलंय. धरलाय पक्का, पण दिसत नाही. जावई बघणार, त्याला तो सुंदर बोल्ट दिसायला नको? लग्नाला जाताना साडीचा काठ आत गेला तर बायका काय करतात? मी बॉनेट उघडलं, जरासा ढिला केला, फिरवला… आणि नळी निसटली. वाटीभर पेट्रोल, बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत, बाहीतून थेट काखेत! गार! पण घाबरलो नाही. नळी बसवली, फुगवट्याच्या मागे क्लॅम्प, आवळला, तोंडानंच म्हटलं "बास", पुसलं, इंजिन दहा मिनिटं चालवलं, कागद कोरा. आणि सदरा? अहो, सदरा काय, भिजला तर वाळतो! एक्केचाळीस वर्षांत किती वेळा भिजला असेल? फाटकाशी उभा राहिलो, हात पंख्यासारखे हलवले, पाच मिनिटांत खडखडीत. डागसुद्धा नाही!

दवाखान्याच्या आवारात जावई उभा. पोरगी बाकावर, कुशीत गाठोडं, गाठोड्यातून एक इवलंसं नाक, शेजारी विहीणबाई दोन पिशव्या घेऊन, आणि आमची ही, ती आधीच पोचलेली. जावयानं बाह्या सारल्या. खाली झोपला. टाकी, पाईप, पंप. बॉनेट उघडून नाक घातलं. डिकी उघडून नाक घातलं. मागच्या सीटवर बसला, दारं लावली, काचा वर, डोळे मिटले. मी बाहेर उभा, सदऱ्याची बटणं मोजत. अहो, म्युनिसिपालिटीच्या साहेबानं पाईपलाइन तपासली तेव्हा मी शीळ घालत होतो!

दार उघडलं. बाहेर आला. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांत, आणि म्हणाला, "बाबा, मी ड्युटीवरच्या गाड्या बघतो, त्यांचंही काम इतकं स्वच्छ नसतं. बाळ याच गाडीतून जाईल."

माझ्या डोळ्यात… नाही, धूळ गेली. आणि त्याचवेळी त्याचं नाक असं वर गेलं. सशासारखं. माझा हात त्यानं जवळ घेतला, मनगट हुंगलं. बाही हुंगली. मग जरा वर, काखेपाशी.

"बाबा. वास येतोय."

"कुठून? गाडीला नाही म्हणालात!"

"गाडीला नाही. तुम्हाला."

मी म्हटलं, वाळलंय हो! हात लावून बघा, खडखडीत! तर तो इतक्या मायेनं बोलला, तुम्हाला सांगतो, इतक्या मायेनं की मला त्याचा राग येईना, "वाळलं तरी राहतं. बाबा, पेट्रोल म्हणजे पाणी नाही. दोन दिवसांचं बाळ आहे." पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मागून या ना." ही पुढच्या सीटवर बसलीसुद्धा. जावयानं किल्ली घेतली. विहीणबाई, दोन पिशव्या, माझी पोर, माझी नात, सगळी बसली माझ्या गाडीत. पिशव्यांना जागा होती! ताशी दहाच्या वेगानं गेली गाडी, अगदी माझ्यासारखी. मागे सायकलवाले घंटा वाजवत होते. मी उभा, हात हलवत. तेवढाच सदरा हवेशीर.

बसनं निघालो. दुसऱ्या थांब्यावर कंडक्टर ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, पेट्रोलचा वास येतोय!" बस थांबली. सगळी माणसं खाली. ड्रायव्हर वाकून वाकून बघतोय, "आपली तर डिझेलवर आहे राव!" आयुष्यात एवढी मोठी खोडी मी केली नव्हती, आणि ही केलीही नव्हती. कबूल करायचं धैर्य झालं नाही. हळूच म्हटलं, "साहेब, क्लॅम्प चावणारा आहे का ते बघा," आणि निघालो चालत.

घरी पोचलो तर ही दारात, ओठांवर बोट. "झोपलीय. आत येऊ नका." मी म्हटलं, अगं, एकदा तोंड तरी… "आधी सदरा बदला, साबण लावून दोन वेळा आंघोळ करा. मोरी रिकामी नाही, विहीणबाई आत आहेत. तोपर्यंत बाहेर बसा." बाहेर कुठे बसू? पायरीवर ऊन. म्हटलं, गाडी आहे ना. आपली आहे. स्वच्छ आहे. वासबीस काही नाही. मागच्या सीटवर बसलो, काचा वर केल्या, नात जिथं बसली होती तिथं हात फिरवला, पाय पसरले आणि लागला हो डोळा.

तासाभरानं दार उघडलं. जावईबापू. नाक वर.

"बाबा, गाडीला वास येतोय."

मी सरकलो जरा, त्याला बसायला जागा दिली. म्हटलं, "यायचाच. नळ्या सगळ्या बदलल्या, आता फक्त मालक बदलायचा राहिलाय."